मथूताईंच्या टोप्या

रत्नागिरीला मी पहिल्यांदा उतरले ती पोटातलं सगळं समुद्राला वाहून. यजमानांची पोस्टात बदली झालेली, मी घाटावरची, आणि आगबोट हा प्रकार त्याआधी फक्त चित्रात पाहिलेला. आगबोटीवरून माणसं उतरवून आणणारा मचवा मांडवीच्या धक्क्याला लागला तेव्हा मी वळकटीवर डोळे मिटून बसले होते. डोळे उघडले तर पांढऱ्या लुगड्यातल्या एक बाई आमच्याच मचव्यावरच्या खलाशाशी बोलत होत्या. त्याच्या डोक्यावर ताडाच्या पानांची पसरट टोपी होती.

"कुठली रे ही?"

"मलबारातली, बाई."

"दे बघू."

त्याने दिली. बाईंनी ती उलटी केली, आत नाक घालून पाहिलं, कडेवरून बोट फिरवलं आणि भर धक्क्यावर, शंभर माणसांदेखत, सरळ स्वतःच्या डोक्यावर घातली. दोन पावलं इकडे चालल्या, दोन तिकडे. मान हलवून पाहिली.

"वाऱ्याने उडते का?"

"उडते तर!"

"मग काय उपयोग," म्हणून टोपी त्याच्या हातात दिली आणि चालू लागल्या.

मळमळ विसरून मी यजमानांना विचारलं, "ह्या कोण?" यजमान काय सांगणार, तेही माझ्याइतकेच नवे. आमचं सामान उचलणारा हमाल हसत म्हणाला, "मुलींच्या शाळंतल्या मथूबाई. बऱ्या हायेत. फकस्त डोक्यावर काय नवा असला तर जपून ऱ्हायाचा."

ही तीस सालच्या आसपासची गोष्ट. पुढे दोन महिन्यांत मी त्याच शाळेत शिवणाची बाई म्हणून लागले, आणि बिऱ्हाड मिळालं ते नेमकं मथूताईंच्या शेजारी. मधे एक भिंत, तीही मातीची. त्या काय पुटपुटतात ते मला ऐकू यायचं आणि मी काय करपवलं ते त्यांना वासावरून कळायचं.

थोराड हाडाच्या, उन्हाने रापलेल्या, चाळिशी ओलांडलेल्या बाई. चष्म्याची एक काडी मोडलेली, तिथे दोरा. कपाळ मोकळं, गळा मोकळा. नवव्या वर्षी लग्न आणि अकराव्या वर्षी सगळं संपलं, मग एका भावाने पुण्याला शिकायला नेऊन ठेवलं, एवढं त्यांनी मला भाजी निवडता निवडता एका वाक्यात सांगितलं आणि पुन्हा कधी तो विषय काढला नाही. केस मात्र त्यांनी राखले होते. त्यावरून माहेरी बारा वर्षं अबोला होता, हे मला दुसऱ्यांकडून कळलं.

त्यांचा एक शब्द होता, "बघू तरी." आमटीत कोकमाऐवजी कच्च्या करवंदांचा ठेचा घातला तर? बघू तरी. शाळेची घंटा सुंभाऐवजी सुताच्या दोरीने बांधली तर आवाज बदलतो का? बघू तरी. ह्या बघण्यापायी त्यांनी स्वतःचे पाय किती वेळा पोळले, हात किती वेळा कापले, याची गणती नाही. मी चिडवायचे, "हात दाखवून अवलक्षण!" त्यावर त्या अवलक्षण म्हणजे नेमकं काय होतं ते विचारायच्या.

त्यांच्याकडे एक वही होती. वर ठसठशीत अक्षरात 'डोकी' असं नाव. रस्त्यात, बाजारात, बंदरावर ज्याच्या डोक्यावर जे दिसेल त्याचं चित्र त्या वहीत उतरवायचं आणि खाली शेरा मारायचा. भातलावणीतल्या बाईच्या पानांच्या इरल्याचं चित्र होतं, खाली लिहिलेलं: पाऊस उत्तम, वाकायला सोयीचं, वाऱ्यात निरुपयोगी. गोऱ्या मडमेच्या हॅटखाली: सावली नाकापर्यंतच, मान भाजते, वर चेरीची खोटी फळं, ती कशासाठी ते विचारणे. कचेरीतल्या एका पगडीखाली नुसतं: ओझे. आमच्या यजमानांची काळी टोपीसुद्धा त्यात होती. तिच्याखाली काय लिहिलंय ते त्यांनी मला कधी वाचू दिलं नाही.

आता हे वेड कशासाठी, तर सहलीसाठी.

दर माघात मथूताई वरच्या वर्गातल्या मुलींना पायी सड्यापलीकडे देवीच्या देवळाला न्यायच्या. ज्यांनी सडा पाहिला नाही त्यांना सांगते: डोंगराचा माथा कुणीतरी सुरीने सपाट कापावा असा तो मैल न् मैल पसरलेला कातळ. झाड औषधाला नाही. पावसाळ्यात त्यावर फुलांचे गालिचे, आणि माघात सकाळी दहा वाजताच तापलेला तवा. पण त्याच्या टोकावर उभं राहिलं की एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी वळत वळत आत गेलेली, आणि मागे सह्याद्रीची निळी रेघ. मथूताई म्हणायच्या, "पोरी 'खाडी म्हणजे काय' हे पाठ म्हणून दाखवतात. खाडीच्या काठावर जन्म गेला, पण ती वरून कशी दिसते ते एकीला माहीत नाही. घर, विहीर, देऊळ, शाळा. एवढ्यात फिरतात. एकदा तरी वरून बघूदेत."

मी लागले त्या वर्षी सहलीत एक मुलगी उन्हाने भोवळ येऊन पडली. तीन दिवस ताप. शाळेच्या कमिटीने ठराव केला की एकतर प्रत्येक मुलीच्या डोक्याचा उन्हापासून बंदोबस्त व्हावा, नाहीतर सहल बंद. कमिटीला सहल बंदच करायची होती, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. मथूताईंनी ठरावाचा पहिला अर्धाच ऐकला.

छत्री? सड्यावरच्या वाऱ्याने ती क्षणात उलटी होते, आणि निम्म्या मुलींच्या घरी छत्री एकच, ती बापाची. पदर? तो मथूताईंनी मोजून पाहिला. मोजून म्हणजे खरोखरच.

एका रविवारी त्यांनी मला सड्यावर नेलं. मला चालायचा कंटाळा आणि रविवारची झोप प्यारी, पण शेजारधर्म. पाठीमागे गड्याच्या डोक्यावर पाच सोललेले नारळ. कातळावर पाच नारळ ओळीने मांडले, प्रत्येकाच्या डोक्यावर लिंबाएवढा लोण्याचा गोळा ठेवला आणि वर एकेक पांघरूण घातलं. पहिल्याला दुहेरी पदर. दुसऱ्याला इरलं. तिसऱ्याला कुणा साहेबाकडून मागून आणलेली, भेंडाची जाड सोला हॅट. चौथ्याला मुंबईच्या दुकानाच्या सचित्र यादीतून मागवलेली बायकांची गवती हॅट, फीत आणि चेऱ्यांसकट. पाचव्याला विरीची टोपी. पोफळीच्या झावळीचा बुडाशी जो रुंद, चामड्यासारखा भाग असतो ती विरी. बागेत खपणारी माणसं ती भिजवून, दुमडून, काथ्याने बांधून टोपी करतात. फुकटची वस्तू.

"इंदू, घड्याळ धर," मथूताई म्हणाल्या. यजमानांचं घड्याळ घेऊन मी कातळावर बसले. खालून मला भाजत होतं, वरून भाजत होतं. लाकडाच्या मोळ्या घेऊन चाललेल्या तीन बायका थांबल्या. ओळीतले नारळ, त्यावरचं लोणी आणि टोप्या त्यांनी बराच वेळ निरखल्या.

"कसला वरत हाय वो बाई?" एकीने हळूच विचारलं.

"उन्हाचं," मथूताई म्हणाल्या, आणि लगेच त्यांची नजर त्या बाईच्या डोक्याकडे गेली. "ही मोळी किती वेळ डोक्यावर असते? कपाळाला घाम येतो का?" ती बाई आपल्या मोळीसकट चार पावलं मागे सरली.

पदराखालचं लोणी सगळ्यांत आधी ओघळलं. मग गवती हॅटमधलं. इरलं वाऱ्याने दोनदा उलटं झालं, ते बाद. सोला हॅट बरीच टिकली. विरीखालचा गोळा मात्र जसाच्या तसा, नुसता जरा घामेजलेला. निकाल लिहून होतो न होतो तोच वाऱ्याचा एक झोत आला आणि मुंबईची हॅट चेऱ्यांसकट कातळावरून गडगडत कड्याखाली समुद्रात गेली. मी हाय हाय करत उठले. मथूताई कड्यापर्यंत जाऊन वाकून पाहून आल्या. "तरंगते," म्हणाल्या. आणि तेही वहीत लिहिलं.

विरी ठरली खरी, पण आई-बापांची सभा भरली तेव्हा खरी गंमत. एक वकील उठून म्हणाले की आमच्या मुली मडमा नाहीत, टोप्या घालायच्या नाहीत. दुसऱ्या गृहस्थांनी विरीची टोपी बघितली आणि लालेलाल झाले. "ही कुळवाड्याची टोपी! माझ्या मुलीच्या डोक्यावर?" म्हणजे साहेबाची चालत नाही आणि गड्याचीही चालत नाही. मथूताईंनी दोघांचं शांतपणे ऐकून घेतलं. "विरी आत राहिली, दिसलीच नाही तर?" त्यांनी विचारलं. वरून खादी मढवावी असं त्यांच्या मनात होतं. त्यावर कमिटीचे चिटणीस दचकले, सरकारी ग्रँट जाईल म्हणाले. शेवटी साध्या मांजरपाटावर तडजोड झाली. मांजरपाटावर कुणाचाच राग नव्हता.

एकोणीस टोप्या मी शिवल्या. माझ्या हाताचं काम म्हणून सांगत नाही, पण नेटक्या झाल्या होत्या. मागे मानेवर पडणारी झालर, अंबाड्यासाठी फट, हनुवटीखाली बंद. वाऱ्याने हलू नये म्हणून आतून कपाळाशी घट्ट बसेल अशी दुहेरी पट्टी मी माझ्या अकलेने घातली. मथूताई त्यातली एक घालून आठ दिवस भर दुपारी गावभर हिंडल्या. डोकं दुखलं नाही, मान भाजली नाही, टोपी उडाली नाही.

"आता तू घालून बघ," त्या मला म्हणाल्या.

"मला काय करायचीय टोपी? मला माझा पदर पुरे आहे," मी म्हणाले. खरं कारण वेगळं होतं. मला लाज वाटली. शेजारच्या बायका काय म्हणतील, म्हणून मी ती टोपी एकदाही, घरातसुद्धा, डोक्यावर घातली नाही. ही गोष्ट मला अजून बोचते. का, ते आता सांगते.

पुढच्या माघातली सहल झकास झाली. एकोणीस पांढऱ्या टोप्या सड्यावरून ओळीने चालल्या होत्या. त्यात शेवंती होती. मांडवीच्या दर्यावर्दी घरातली सून, सोळा वर्षांची. नवरा गणपत मोठ्या आगबोटीवर खलाशी. आपली पत्रं बायकोला दुसऱ्याकडून वाचून घ्यावी लागतात हे त्याला आवडत नव्हतं, म्हणून त्याने तिला शाळेत घालायला लावलं. सासूने, रखमाबाईने, पोराखातर ते मान्य केलं. शेवंती अशी काही झपाट्याने शिकली की मथूताईंनी तिला त्या वर्षी मराठी सातवीच्या, फायनलच्या परीक्षेला बसवायचं ठरवलं. परीक्षा दोन महिन्यांवर होती. फायनल झाली की मुलगी मास्तरीण होऊ शकत होती. मांडवीच्या वाडीतून तोवर एकही झाली नव्हती, आणि मथूताईंनी त्या सबंध वर्षात दुसऱ्या कुठल्या गोष्टीची एवढी आस धरलेली मी पाहिली नाही. टोप्यांचीसुद्धा नाही.

सड्याच्या टोकावर शेवंतीने विचारलं, "बाई, बसरा कुठच्या अंगाला?" मथूताईंनी दगडाने कातळावर नकाशा काढला. शेवंती त्या रेघांकडे बघत उकिडवी बसून राहिली. गणपतची बोट तिकडेच गेली होती आणि दोन महिने त्याचं पत्र नव्हतं.

उन्हं कलताना आम्ही परतलो. शाळेच्या फाटकात मुलींनी टोप्या काढल्या आणि एकमेकींकडे बघून खो खो हसायला लागल्या. सगळ्यांची कपाळं लाल माखलेली. त्या काळी कुंकू मेणावर लावायचं. आधी कपाळाला मेणाचा ठिपका, त्यावर पिंजर. पट्टीखाली घामाने आणि उन्हाने मेण पातळ झालं आणि कुंकू सगळं पट्टीला लागलं. मुलींनी विहिरीवर तोंडं धुतली, हसत घरी गेल्या. कुणाला काही वाटलं नाही.

शेवंती मात्र टोपी न काढताच मांडवीला घरी गेली होती. सासूला दाखवायची होती तिला. दारात उभी राहून तिने मोठ्या हौसेने टोपी काढली. मांडवीपर्यंत चालताना पट्टीने राहिलेलं कुंकूही टिपून घेतलं होतं, कपाळ साफ कोरं. नवरा पाण्यावर, दोन महिने पत्र नाही, आणि सून कोऱ्या कपाळाने उंबऱ्यात उभी. रखमाबाईने जी किंकाळी फोडली ती म्हणे पार बंदरापर्यंत गेली. वाडी गोळा झाली. दुसऱ्या दिवशी शेवंती शाळेत आली नाही. तिसऱ्या दिवशी निरोप आला की ती आता कधीच येणार नाही.

निरोप ऐकून मथूताई वर्गाबाहेरच्या बाकावर बसल्या. मी शेजारी बसले. त्या टोपी हातात घेऊन पट्टीवरचा लाल डाग बघत होत्या.

"आठ दिवस घातली होती गो मी," त्या म्हणाल्या. "वारा बघितला, घाम बघितला, मान बघितली. कपाळाला काही असतं हे माझ्या ध्यानातच आलं नाही."

मला रडू आलं. त्यांच्या ध्यानात येणार तरी कसं? तीस वर्षं त्या कपाळाला काही लागलं नव्हतं. पण माझ्या कपाळावर रोज रुपयाएवढं कुंकू होतं. मी एक दुपार, एकच दुपार ती टोपी घातली असती तर संध्याकाळच्या आत कळलं असतं. मी हे त्यांना तिथेच सांगून टाकलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, रागावल्या नाहीत. "पुढच्या वेळी घाल," एवढंच म्हणाल्या आणि उठल्या. "चल, मांडवीला जाऊ."

रखमाबाईने आम्हाला पडवीतच बसवलं. पाणीही विचारलं नाही. ठेंगणी, काळीसावळी, बांधेसूद बाई, कपाळावर हे एवढं कुंकू. शेवंती आत दाराआड उभी होती, तिचा रडून सुजलेला चेहरा मला दिसत होता.

"बाई, तुमी शिकल्यासवरल्या," रखमाबाई म्हणाली. "पन माजा पोरगा पान्यावर हाय. दोन म्हयने कागुद न्हाय. आनि सून दारात येते ती अशी. माज्या जागी तुमी असतात तर काय केला असतात?"

मला वाटलं आता मथूताई तिला चार शहाणपणाच्या गोष्टी सांगणार, शकुन-अपशकुन काही नसतं म्हणणार. शाळेत त्या तसं म्हणायच्याही.

"घाबरले असते," मथूताई म्हणाल्या. "मी असते तर मीही तिला शाळेत पाठवलं नसतं."

भांडायला कंबर कसून बसलेल्या माणसासमोर कुणी भांडलंच नाही की जसं होतं तसं रखमाबाईचं झालं.

"चूक माझी," मथूताई पुढे म्हणाल्या. "टोपी मी माझ्याच डोक्यावर बघितली. हे मेण कुठलं लावता? साधं की तेल घालून मऊ केलेलं?"

"साधाच," रखमाबाई चक्रावून म्हणाली. "बाजारातला. सगल्याच लावतात. तुमाला ठाव न्हाय?"

"मला लावत होते तेव्हा मी अकरा वर्षांची होते. आई लावायची. कशावर लावायची ते आता आठवत नाही."

रखमाबाईने तेव्हा पहिल्यांदा मथूताईंच्या कपाळाकडे नीट पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग उठून आत गेली. मला वाटलं, झालं, आता दार लावून घेते. ती बाहेर आली ती मासळीची रिकामी पाटी आणि फडक्याची चुंबळ घेऊन. चुंबळ टाळूवर ठेवली, त्यावर पाटी ठेवली, हात सोडले.

"आमी बाजारात जाताव ती ही पाटी घेऊन. भर दुपारची. माजा कुंकू कदी पुसला? बगा, कपालाला लागते काय कुठं?"

मथूताई उठल्या. रखमाबाईभोवती एक पूर्ण फेरी मारली. वाकून पाटीखालून पलीकडे पाहिलं. डोकं आणि पाटी यांच्यामधे चांगली चार बोटं जागा होती, वारा आरपार जात होता. कपाळ मोकळं आणि सावली खांद्यापर्यंत.

"टेकते फक्त टाळूला," मथूताई पुटपुटल्या. "पट्टी नकोच. इंदू, पट्टी नकोच!" आणि मग रखमाबाईला, "बघू तरी." रखमाबाईने पाटी त्यांच्या डोक्यावर ठेवली. मासळीच्या पाटीखाली ती ब्राह्मणाची बाई अशी काही खुलली की दाराआड शेवंतीला हसू फुटलं.

टोपीचं कोडं सुटलं, पण रखमाबाई सुटली नाही. "टोपी झाली," ती म्हणाली, "पन पोरगी शालंत येल ती कागुद आल्यावर. त्याच्याआदी न्हाय."

"बरं," मथूताई म्हणाल्या. "तोवर मी आले तर चालेल?"

त्या दिवसापासून शाळा सुटली की मथूताई रोज मांडवीला जायच्या. पडवीत बसून शेवंतीचं गणित, व्याकरण, भूगोल घ्यायच्या. रखमाबाई जाळं विणत ऐकत बसायची. पहिल्या आठवड्यात पाणी आलं, दुसऱ्यात गूळ. दरम्यान मी पट्टी काढून आत चुंबळ शिवलेली नवी टोपी तिथे खुंटीवर टांगून ठेवली होती. पण पत्र काही येईना. आमचे यजमान पोस्टातले, त्यामुळे टपालाची बोट आली की मी त्यांच्या तोंडाकडे बघायचे. ते मान हलवायचे. परीक्षेचा अर्ज पाठवायची मुदत जवळ येत होती आणि तो रखमाबाईच्या अंगठ्यावाचून जाणार नव्हता. मथूताई तो अर्ज रोज पिशवीतून नेत आणि परत आणत. त्या काळात त्यांनी वहीत एकही चित्र काढलं नाही. एकदा भिंतीपलीकडून त्यांचा आवाज आला, देवाला काहीतरी सांगत होत्या. देवधर्म त्यांच्यात नव्हता, म्हणून मी कान देऊन ऐकलं. "माझ्यामुळे नको," एवढंच ऐकू आलं.

मुदतीला चार दिवस असताना यजमान पोस्टातून धावत घरी आले. धावणारे गृहस्थ ते नव्हेत. पत्र त्यांनी मथूताईंच्या हातात दिलं. नियमात बसतं की नाही ते देव जाणे. आम्ही दोघी तशाच मांडवीला निघालो.

रखमाबाईने पाकीट पाहिलं आणि हातातलं जाळं बाजूला टाकलं. "वाच," ती सुनेला म्हणाली, "काय असंल ता वाच."

शेवंतीने वाचलं. बोटीचं यंत्र बिघडलं होतं, परक्या बंदरात दुरुस्तीला पडून होती, तिथून पत्र टाकायची सोय नव्हती, मी खुशाल आहे, आईला सांग. रखमाबाईने ते तीनदा वाचून घेतलं. तिसऱ्यांदा वाचून झाल्यावर सुनेच्या तोंडाकडे बघत राहिली. मला वाटतं, ते शब्द दुसऱ्या कुणाच्या तोंडून न येता घरातल्याच माणसाच्या तोंडून आले, हे तिला तेव्हा पहिल्यांदा उमगलं. मग पदराने डोळे पुसून तिने अंगठा पुढे केला.

"कुठं लावायचा तो लावा. आनि उद्यापासना शालंत जा गो. ती चुंबळीची टोपी घालून जा, ऊन हाय."

शेवंती फायनल पास झाली. पुढच्या माघात चुंबळीवरच्या टोप्या सड्यावर गेल्या. मीही एक घातली होती. परतल्यावर मथूताई फाटकात उभ्या राहून चष्मा सावरत एकेकीच्या कपाळाकडे बघत होत्या. माझ्याही.

पुढे आमची बदली झाली. मथूताई गेल्याचं कळलं ते कितीतरी वर्षांनी, एका पोस्टकार्डाने. पण मला त्या आठवतात त्या आम्ही निघण्याच्या आदल्या आश्विनातल्या एका दुपारी पाहिल्या तशा.

आमची घरं मांडवीच्या वाडीतून बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावर होती. कुणी दर्यावर्दी बोटीवर निघाला की सगळा परिवार त्याला पोचवायला त्याच रस्त्याने जायचा. अशा वेळी मथूताई न चुकता दार लावून आत बसायच्या. कुणी सांगितलं नव्हतं. निघणाऱ्याला समोर कोण दिसावं आणि कोण दिसू नये, हे गावाला पाठ होतं आणि त्यांनाही. "त्यांच्या मनाला कशाला टोचणी," म्हणायच्या.

त्या दुपारी गणपत रजा संपवून निघाला होता. ट्रंक डोक्यावर घेतलेला गडी, गणपत, शेवंती, रखमाबाई, मागे वाडीतली दहावीस माणसं. मी ओट्यावर होते. पलीकडे मथूताईंच्या दाराची कडी लागल्याचा आवाज आला. मंडळी आमच्या दारापुढून गेली आणि थांबली. रखमाबाई परत फिरली आणि मथूताईंच्या दारावर थाप मारली.

"बाई, कवाड उगडा."

"तुम्ही व्हा पुढे," आतून आवाज आला. "पोरगा जाऊ दे आधी."

"पोरगा हितंच उबा हाय. तुमी भायेर आल्याबिगार जायाचा न्हाय. बोट चुकली तर चुकली."

वाडीतल्या दोघी-तिघी एकमेकींकडे बघत होत्या. मग कडी निघाली. मथूताई बाहेर आल्या, रस्त्यात उतरल्या, गणपतच्या अगदी समोर जाऊन उभ्या राहिल्या. तो पाया पडायला वाकला. निघणाऱ्याला आशीर्वाद द्यायची सवय त्या तोंडाला नव्हती. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"तिकडच्या बंदरांत," त्या शेवटी म्हणाल्या, "बायका उन्हात डोक्यावर काय घालतात ते बघून ये. नुसतं बघू नकोस. डोक्याला कुठे टेकतं तेही बघ. आणि परत येऊन मला सांग."

"व्हय बाई," गणपत म्हणाला. "येऊन सांगतो."

"येऊन सांगतो," रखमाबाई वाडीतल्या बायकांकडे वळून मोठ्याने म्हणाली. "आयकलाव ना सगल्यांनी?"

मंडळी वळणाआड गेली. पुढे बंदरावर भोंगा वाजला. मथूताई तिथेच, रस्त्याच्या मधोमध, त्या वळणाकडे बघत उभ्या होत्या. आश्विनातलं भर दुपारचं ऊन, डोक्यावर टोपी नव्हती, पदरही घसरून खांद्यावर आलेला. मी ओट्यावरून उठले, पण त्यांना आत चला म्हणाले नाही.